फायबरचा ब्रिज: डॉक्टर, किती वर्षं टिकेल?

मागच्या अंकात एखादा दात गेला तर तिथे काय काय बसवता येतं यावर लिहिलं होतं, त्यात फायबरच्या ब्रिजला जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या आणि पत्रं मात्र बहुतेक सगळी त्या दोन ओळींवरच आलीयत, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांच्या हातात मागचा अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेजारचे दात न तासता, किंवा अगदी किंचित खरवडून, त्यांच्या मागच्या बाजूला काचेच्या बारीक धाग्यांची पट्टी चिकटवायची आणि मधल्या रिकाम्या जागेत त्या पट्टीवरच दाताच्या रंगाचं कंपोझिट थराथराने चढवून दात घडवायचा. समोरच्या दातांची फिलिंग ज्याची करतात तेच हे कंपोझिट. धागा बहुतेक वेळा काचेचा असतो, काही डॉक्टर पॉलिथिलीनची विणलेली पट्टीही वापरतात. खुर्चीवर बसल्या बैठकीतही होतो किंवा माप घेऊन लॅबमधून करून आणतात. आता पत्रं.

दादरहून एक आई लिहितात: माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. शिवाजी पार्कला नेटमध्ये बॉल तोंडावर बसला आणि वरचा पटाशीचा एक दात गेला. आमचे डॉक्टर म्हणतात इम्प्लांट आत्ता नको, फायबरचा ब्रिज करू. मोठे दीर म्हणतात हे चिकटवलेलं काम, वर्षभरात पडणार, त्यापेक्षा एकदाच काय तो पक्का कॅपवाला ब्रिज करून टाका. मी कोणाचं ऐकू?

ताई, डॉक्टरांचं ऐका. १६व्या वर्षी जबडा अजून वाढतोय, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावरचा दात, हाडाला घट्ट धरून बसतो, तो वाढीबरोबर सरकत नाही. शेजारचे खरे दात हळूहळू खाली येत राहतात, हा मात्र होता तिथेच, म्हणजे काही वर्षांनी हसताना तो एक दात आखूड आणि वर चढल्यासारखा दिसायला लागतो आणि मग ते सुधारणं फार कटकटीचं होतं. म्हणून वाढ पूर्ण थांबेपर्यंत, साधारण विशीच्या आसपास किंवा त्याहून थोडं पुढेही, थांबायला सांगतात.

दिरांचा 'पक्का' ब्रिज कसा होतो ते पण बघा. त्यासाठी दोन्ही बाजूचे धडधाकट दात कॅप बसेल इतके तासावे लागतात. मोजून बघितलेल्या अभ्यासात असं दिसलंय की पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के भाग तासला जातो. पोराच्या दातात नस मोठी असते, पृष्ठभागाच्या जवळ असते, त्यामुळे इतकं तासल्यावर पुढेमागे रूट कॅनाल करायची पाळी यायचा धोकाही जास्त. एका गेलेल्या दातापायी दोन चांगले दात कायमचे कमी करायचे, आणि ते सुद्धा १६व्या वर्षी, हे मला अजिबात पटत नाही.

फायबरचा ब्रिज त्याला चालेल का, तर चावा बरा असेल, म्हणजे खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोल जाऊन आपटत नसतील, तर वर्षानुवर्षं चालतो. मध्ये एखाद वेळा सुटेल, टवका उडेल, तो परत चिकटवता येतो, दुरुस्त करता येतो. ही गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे कॉलेजात असताना सुटला तर तो घाबरणार नाही. पेरू, ऊस, चिक्की, मक्याचं कणीस समोरच्या दातांनी तोडायचं नाही, कापून बाजूच्या दातांनी खायचं, आणि पेनचं टोपण चावायची सवय असेल तर ती आजच बंद.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतेच. बॉल ज्या दाताला लागला त्याच्या शेजारच्या दोन्ही दातांना पण मार बसलेला असू शकतो. ते आज ठीक दिसतात पण त्यांची नस काही महिन्यांनी मेलेली सापडू शकते, दात हळूहळू करडा पडतो. ब्रिज याच दोन दातांवर टेकणार आहे, तेव्हा एक्सरे आणि नसेची तपासणी आत्ता करा आणि डॉक्टर सांगतील तसतशी पुन्हा करत राहा. नेटला जाताना ग्रिलवालं हेल्मेट आणि दातांचं माप देऊन बनवून घेतलेलं माउथगार्ड, दोन्ही हवं. आणि बाकीच्या आयांसाठी: कायमचा दात अख्खा निखळून हातात आला तर मूळ चोळू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाही जमलं तर थंड दुधात टाका आणि तसेच पळत डेंटिस्टकडे जा. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची शक्यता खूप वाढते.

मुलुंडचे एक वाचक, पेशाने इंजिनियर: नेटवर एका ठिकाणी वाचलं की हे ब्रिज साडेचार वर्षांत ७३ टक्केच टिकतात, दुसरीकडे वाचलं ९४ टक्के. इतका फरक कसा? खरं कुठलं धरायचं?

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला २००९ सालच्या एका आढाव्यातला आहे, तोवर झालेले सगळे अभ्यास एकत्र करून काढलेला, साडेचार वर्षांना ७३.४ टक्के. दुसरा २०१७च्या आढाव्यातला, साधारण पाच वर्षांच्या आतबाहेर ९४ टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात साहित्य आणि ते वापरायची पद्धत सुधारली हे एक कारण. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे अभ्यास एकसारखे नाहीत. कुठे काचेचा धागा कुठे पॉलिथिलीनचा, कुठे नुसता चिकटवलेला कुठे दातात खाचा करून बसवलेला, कुठे पुढचे दात कुठे दाढा, आणि पेशंटची संख्या बहुतेक ठिकाणी लहान. शिवाय 'टिकला' म्हणजे काय तेही प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं असतं. एखाद्या ब्रिजचा टवका उडाला, डॉक्टरने तिथल्या तिथे भरून दिला, पेशंट आजही त्याने जेवतोय, हा टिकला की तुटला? एकाच्या वहीत तो यशस्वी, दुसऱ्याच्या वहीत फेल.

तुलनेला बाकीचे आकडे पण देते, तुम्ही इंजिनियर आहात, तुम्हाला हवे असतीलच. दात तासून बसवलेला मेटल सिरॅमिकचा नेहमीचा ब्रिज ५ वर्षांना ९४ टक्क्यांच्या आसपास, १० वर्षांना ८९च्या आसपास. धातूची पट्टी मागून चिकटवतात तो मेरीलँड ब्रिज आणि त्या जातीचे सगळे मिळून ५ वर्षांना ८८ ते ९१. आणि जर्मनीत कील इथे प्राध्यापक मथियास कर्न यांच्या टीमने झिर्कोनियाचा (पांढऱ्या, भक्कम सिरॅमिकचा) एकाच पंखाचा ब्रिज, म्हणजे एकाच शेजाऱ्याला चिकटवलेला, समोरच्या दातांसाठी वापरला आणि १० वर्षांना ९८ टक्के टिकले. हा आकडा बघून मीही समोरच्या एका दातासाठी आता तो पर्याय आधी सांगते, जर पेशंट मोठा असेल, खर्च झेपत असेल आणि चांगली लॅब हाताशी असेल तर. फायबरच्या ब्रिजचे १० वर्षांच्या पुढचे भरवशाचे आकडे अजून थोडे आहेत, त्यामुळे कोणी तुम्हाला २० वर्षांचं वचन देत असेल तर ते कशाच्या जोरावर देतोय हे विचारा.

पण टक्केवारीत एक गोष्ट येत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे फेल झाल्यावर मागे काय उरतं. तासलेल्या दातांवरचा ब्रिज फेल होतो तेव्हा बरेचदा कॅपच्या आत कीड लागलेली असते, ज्यावर ब्रिज टेकतो तो खांबाचा दात मोडलेला असतो, म्हणजे एका दाताचं दुखणं तीन दातांचं झालेलं असतं. फायबरचा ब्रिज फेल होतो तेव्हा बहुतेक वेळा सुटतो किंवा वरचा थर उडतो, आणि शेजारचे दात होते तसेच असतात, तुम्ही परत पहिल्या पायरीवर असता, सगळे पर्याय हातात ठेवून. ७३ आणि ९४ची तुलना करताना हे त्याच्या शेजारी ठेवून बघा.

लालबागहून एक वाचक: ८ महिन्यांपूर्वी वरच्या उपदाढेच्या जागी फायबरचा ब्रिज केला. गणपतीत चकली खाताना वरचा तुकडा उडाला, आत चमकणारी पट्टी दिसतेय, जिभेला खरखरीत लागते. डॉक्टर म्हणतात पूर्ण नवीन करावा लागेल आणि पूर्ण पैसे पडतील. करताना तर लाइफटाइम आहे म्हणाले होते. माझी फसवणूक झाली का?

तोंड न बघता फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. पण 'लाइफटाइम' हा शब्द कुठल्याही ब्रिजला लावू नये, ना फायबरच्या ना सोन्याच्या, आणि जो डॉक्टर हा शब्द वापरतो त्याला थांबवून विचारायचं की तुटला तर काय कराल आणि किती घ्याल. हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारायचा असतो, आपल्याकडे लोक संकोचतात, अजिबात संकोचू नका.

आता तुमचं नेमकं काय झालंय ते समजून घ्या कारण त्यावरून दुरुस्ती होईल की नाही ते ठरतं. हे ब्रिज तीन तऱ्हांनी जातात. एक, पंख शेजारच्या दातावरून सुटतो. दोन, पट्टीवरचा कंपोझिटचा थर पापुद्र्यासारखा सुटतो किंवा टवका उडतो, तुमचं वर्णन याच प्रकारचं आहे आणि हीच तक्रार सगळ्यात जास्त दिसते. तीन, पट्टी स्वतःच मोडते, हे तुलनेने कमी. दुसऱ्या प्रकारात पट्टी शाबूत असेल आणि दोन्हीकडून घट्ट असेल तर बरेचदा नवीन करायची गरज नसते. उघडा पडलेला भाग खडबडीत करायचा, सायलेन नावाचं रसायन आणि बॉन्डिंग, म्हणजे चिकटवायचा द्रव, लावायचं आणि नव्याने कंपोझिट चढवायचं, एका बैठकीचं काम आहे. तेव्हा 'नवीनच का, दुरुस्ती का नाही' हे त्यांना स्पष्ट विचारा, पट्टी हलतेय किंवा चिरलीय असं उत्तर आलं तर ते योग्य आहे, नुसतं 'होत नाही' असं आलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या बाजूने कडक काही खाऊ नका आणि फार दिवस घालवू नका, उघड्या धाग्यांतून लाळेचं पाणी आत मुरतं आणि काच आणि रेझिन (कंपोझिटमधला प्लास्टिकसारखा पदार्थ) यांची पकड त्याने सैल होत जाते.

टवका का उडाला असेल? याचं उत्तर इमारतीच्या कामावर गेलेल्या कुणालाही पटकन कळेल. बीममध्ये सळई खालच्या अंगाला जास्त घालतात, कारण वरून भार आला की बीम वाकतो, वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, आणि काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही. छज्जाचं उलट असतं, तो एकाच बाजूने धरलेला, तिथे सळई वरच्या अंगाला हवी. ब्रिजमधला मधला दात अगदी तसाच. दोन्ही बाजूंनी टेकलेला असेल तर धागा हिरडीच्या बाजूला, खाली हवा (मी खालच्या जबड्याचं चित्र डोळ्यापुढे ठेवून सांगतेय, वरच्या जबड्यात हिरडीची बाजू वर येते, तत्त्व तेच), आणि एकाच शेजाऱ्याला धरलेला असेल तर चावायच्या पृष्ठभागाकडे. धागे सगळे एका दिशेने असले तर त्या दिशेत पूर्ण ताकद मिळते, आडव्या उभ्या विणीत ती निम्म्यावर येते. पण नुसती पट्टी भक्कम असून भागत नाही, तिच्यावर चढवलेल्या कंपोझिटला पण खालून आधार लागतो. पट्टी बारीक आणि वर कंपोझिटचा जाड डोंगर असेल तर चकलीसारख्या कडक घासाने तो डोंगर फुटणारच. म्हणून चांगलं काम करणारे डॉक्टर मुख्य पट्टीवर आडवे जादा तुकडे टाकून आधी दाताचा गाभा उभा करतात आणि मग वर बेताचा थर देतात. याला वेळ लागतो. घाईत केलेल्या कामात नेमकं हेच सुटतं.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे कोरडेपणा. दाताला ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड लावून धुतलं आणि हवेने वाळवलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, खडूसारखं पांढरं फटक दिसतं, त्या क्षणी त्यात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं उघडलेली असतात आणि चिकटायचा पदार्थ त्यांत शिरून धरतो. त्या पांढऱ्या भागाला लाळेचा एक थेंब लागला, किंवा पेशंटने नुसती जीभ फिरवली, तर छिद्रं बुजली, परत ॲसिड लावून पहिल्यापासून सुरू. म्हणून रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणून बसवतात ती रबराची पातळ चादर, मी या कामात सक्तीची मानते. तुमच्या वेळी ती लावली होती का ते आठवून बघा. नवीन करायची वेळ आलीच तर रबर डॅम लावणार का, धागा कुठला आणि किती पदरी घालणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. ज्याला काम येतं तो खूश होऊन सांगेल.

गिरगावहून एक काकू, वय ६८: खालचे समोरचे चार दात हलतात, त्यातला एक काढावाच लागेल म्हणतात. मला डायबेटीस आहे. सुनेने एका ठिकाणी दाखवलं तिथे सांगितलं की तोच दात कापून परत तिथेच फायबरने चिकटवून देतो. असं असतं का? की कवळीच बरी?

असतं काकू, आणि जिथे जमतं तिथे फार छान दिसतं, कारण रंग, आकार सगळं तुमचंच. दात काढल्यावर मूळ कापून टाकतात, आतली नसेची पोकळी साफ करून कंपोझिटने बंद करतात, हिरडीला टेकणारा भाग गोल गुळगुळीत करतात आणि मग फायबरची पट्टी मागून सगळ्या दातांना एकत्र बांधते. त्यात दोन कामं होतात, गेलेला दात परत दिसतो आणि हलणाऱ्या बाकीच्या दातांना एकमेकांचा आधार मिळतो.

पण तुमच्या बाबतीत पट्टी किती टिकेल हे पट्टीवर नाही, हिरड्यांवर आहे. दात हलतायत कारण खालचं हाड झिजलंय. आधी हिरड्यांची पूर्ण सफाई, खोलवरची सुद्धा, मग थोडे आठवडे थांबून हिरड्या कशा बसतायत ते बघायचं आणि मग पट्टी. हे उलट्या क्रमाने केलं तर दात बांधलेले राहतील आणि आत हाड झिजतच राहील, वरून कळणार सुद्धा नाही. दुसरं, साखर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी टेस्ट करून रिपोर्ट दातांच्या डॉक्टरांना दाखवा. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या भरत नाहीत, आणि गंमत अशी की हिरड्यांची सूज उतरली तर साखर ताब्यात यायलाही थोडी मदत होते, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे.

दात बांधल्यावर साधा फ्लॉस वरून आत जाणार नाही. सुपरफ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक ताठ असतं, ते बांधलेल्या दातांच्या खालून, हिरडीजवळून सुईसारखं ओवायचं, नाहीतर बारीक इंटरडेंटल ब्रश. डोळ्यांना बारीक दिसत नसेल तर सुनेला पहिल्यांदा डॉक्टरांसमोर शिकून घ्यायला सांगा. रोज रात्री एकदा पुरे पण रोज. चारच्या चार दात खूपच हलत असतील, हाड फारच थोडं उरलं असेल, तर मात्र बांधून उपयोग नाही, तेव्हा कवळीचा पर्याय चांगला, त्यात कमीपणा काही नाही.

कांदिवलीहून एक वाचक, वय ४१: खालची पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली. बायको म्हणते मी रात्री झोपेत दात करकर चावतो. इम्प्लांटचा खर्च झेपत नाही, फायबरचा ब्रिज स्वस्त पडेल असं ऐकलं. करू का?

नको. दाढेवर चावताना जोर समोरच्या दातांच्या कितीतरी पट येतो, जागा मोठी असते म्हणजे मधला दात लांब आणि त्यात रात्रीचं करकरणं, ज्यात माणूस स्वतःला आवरूच शकत नाही. अशा तोंडात फायबरचा ब्रिज झिजतो, टवके उडतात, आणि तुम्ही दर काही महिन्यांनी दुरुस्तीला येत राहाल, शेवटी स्वस्त ते महागात. शिवाय दोन वर्षांत मागची दाढ पुढे झुकली असेल, वरची दाढ खाली उतरली असेल, म्हणजे ब्रिजच्या सांध्याला, मधला दात शेजारच्याला जोडतो त्या जागेला, उंचीच मिळणार नाही, आणि सांध्याची उंची कमी झाली की ताकद फार झपाट्याने घटते.

आधी नाइटगार्ड करून घ्या, रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी असते, ती बाकीचे दातही वाचवेल. मग शेजारच्या दोन दातांत आधीच मोठी फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल तर त्यांना तसंही कॅप लागणारच, तेव्हा नेहमीचा कॅपवाला ब्रिज हाच शहाणपणाचा. दोन्ही दात अगदी धडधाकट असतील तर काढता घालता येणारा एका दाताचा सेट लावून पैसे जमेपर्यंत थांबा, तोवर मधली जागा तरी राखली जाईल. खर्चाचं म्हणाल तर मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आहे आणि सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, दोन्हीकडे खाजगीपेक्षा पुष्कळ कमीत काम होतं. गर्दी असते, फेऱ्या जास्त होतात, लोकलने दोन तास जायला यायला मोडतात हे खरं, पण विद्यार्थ्यांच्या कामावर वरचे डॉक्टर नजर ठेवून असतात आणि काम पायरीपायरीने होतं. तुमच्यासारख्या केसमध्ये तिथे दाखवून मगच ठरवा.

विलेपार्ल्याहून एक वाचक: ब्रिज करून दीड वर्ष झालं, मजबूत आहे पण पिवळट दिसायला लागलाय. दिवसाला चार पाच चहा होतात. बदलावा लागेल का?

बदलू नका, आधी पॉलिश करून घ्या. कंपोझिटचा पृष्ठभाग काळाने बारीक खरखरीत होतो आणि चहा, हळद, तंबाखू, मिश्री सगळं त्यात बसतं, वरून घासून पॉलिश केलं की बराचसा रंग जातो. अगदीच मुरला असेल तर समोरचा पातळ थर काढून नवा देता येतो, पट्टीला हात न लावता. घरी कोळशाची किंवा मीठवाली पावडर घासू नका, त्याने खरखर वाढते आणि रंग आणखी लवकर धरतो. माउथवॉश वापरत असाल तर बाटलीवर अल्कोहोल आहे का बघा, असेल तर बिनअल्कोहोलचा घ्या, अल्कोहोलने हे रेझिन मऊ पडतं. आणि दात ब्लीच करून घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा की ब्लीचने खरे दात उजळतील, ब्रिजचा दात आहे त्याच रंगाचा राहील, म्हणून ब्लीच आधी आणि नवा थर नंतर, मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे.

चेंबूरहून एक वाचक: गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय, तोंडात फायबरचा ब्रिज आहे. काढावा लागेल का?

काही काढायची गरज नाही. काच, पॉलिथिलीन आणि रेझिन, यात धातू नाही, मशीन त्याला ओढत नाही आणि चित्रही बिघडवत नाही, अगदी डोक्याचा एमआरआय असता तरी. फॉर्मवर दातांच्या कामाचा रकाना असेल तिथे 'फायबर ब्रिज, धातू नाही' असं लिहा, आणि तोंडात दुसरीकडे कुठे मेटलची कॅप किंवा तार असेल तर तेही तिथेच लिहून द्या.